हरकत नाय

गणपतीला चाकरमानी घरी आले की आरत्या आटोपल्यावर कुणाच्या तरी पिशवीतून जमिनीचा कागद बाहेर निघतोच. यंदा देवगडात तो माझ्या आत्यापुढे आला. हक्कसोडपत्र. "वाच गो बाय, माका काय कळता त्यातला?"

वाचलं. "सदर मिळकतीतील माझा अविभक्त हिस्सा मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय..." आत्याला अजून कुणी विचारलंही नव्हतं, पण तिची खुशी टाईप होऊन तयार होती.

ती म्हणाली, "भावाकच जाताला मां, माझी काय हरकत नाय." घरात या शब्दांचा अर्थ माया, माहेरपण, मे महिन्यातली आंब्याची पेटी. तलाठ्याकडे 'हरकत' हा हक्क असतो. फेरफाराची, म्हणजे सातबारावरच्या नावबदलाची, नोटीस निघते, मुदत असते, त्या मुदतीत गप्प राहिलात की नोंद मंजूर. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. जो हलत नाही त्याचं नाव सातबारावरून "कमी" होतं, आमटीतलं मीठ कमी करावं तसं! आणि 1966 च्या महसूल अधिनियमाप्रमाणे नोंद चुकीची सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. म्हणजे धावपळ करायची ती नाव गेलेल्यानेच.

काकांनी मग तारीख काढली, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क देणाऱ्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीची. "बाबा 2005 च्या आधीच गेले, तुका हिस्सो लागणा नाय." तारीख ऐकली की आमच्याकडे वाद संपतो. पण वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलीला वारसा 1956 च्या मूळ कायद्यापासूनच आहे. आणि दुरुस्तीतल्या हक्कासाठीही वडील 2005 मध्ये हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलंय. आमच्या बागेचं रीतसर वाटप तर कधी झालेलंच नाही.

कायद्याची भाषा सोपी करा, असं सगळे म्हणतात. मला तेवढं पटत नाही. 'अविभक्त' हा शब्द आत्याला समजावताना मलाच आवडला: बागेतला कुठलाच कोपरा एकटीचा नाही, आणि एकही कलम तिच्या वाट्याशिवाय नाही. अडचण शब्दाची नाही, तो सही झाल्यावर कळतो याची आहे.

आत्या 'नाही' म्हणाली नाही. कागदाची घडी घालून पिशवीत टाकली. "वाचून बघतंय सावकाश."

काकांचं कोकणकन्येचं तिकीट दुसऱ्याच दिवसाचं होतं.