शहरातला आदिवासी ‘नकली’ कसा?

9 ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन जवळ आला की एक मजकूर ग्रुपांमधून फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं की जंगल सोडून शहरात आलेला आदिवासी आदिवासी राहिलेला नाही. जीन्स-मोबाइल आले, नाच स्टेजवर गेला, भाषा गेली, उरला फक्त जातीचा दाखला, आणि तोही आता काढून घ्यावा. मला हा मजकूर मनापासून लागतो, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

‘जंगल सोडून आले.’ सगळेच आले नाहीत. मुंबईत आरे दूध वसाहत 1949 मध्ये झाली. वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे तिथे आधीपासून होते. मग चित्रनगरी आली, मेट्रोची कारशेड आली आणि ऑक्टोबर 2019 मध्ये रातोरात दोन हजारांवर झाडं पडली. तिथल्या पाड्यांवर आजही वाघोबा पुजला जातो. शहर त्यांच्या दारात चालून आलं आहे.

जे खरोखर येतात, त्यांतलेही बरेच जण कायमचे येत नाहीत. मोखाडा-जव्हारची माणसं दिवाळीनंतर भिवंडी, वसईच्या नाक्यांवर मजुरीसाठी उभी राहतात. कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पाऊस लागायच्या आत परततात. सातपुड्यातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि नंदुरबारमधल्या काठी गावच्या राजवाडी होळीला मजुरी बुडवून घरी येतात. रोजंदारीवर जगणाऱ्याने सणासाठी मजुरी सोडणं म्हणजे काय, ते पगारी रजा मिळणाऱ्याला कळणार नाही.

‘कपडे बदलले.’ बदलले. धोतर सोडून पँट घातलेल्या मराठी माणसाला ‘तू आता मराठी नाहीस’ असं कोणी म्हणत नाही. ही परीक्षा फक्त आदिवासीला.

ज्या वारली चित्रांचे कुर्ते घालून आपण मिरवतो, ती चित्रं पूर्वी लग्नघरात कुडाच्या भिंतीवर सुवासिनी काढत. चित्राच्या चौकटीत म्हणजे चौकात पालघट देवी असे आणि धवलेरी, म्हणजे पुरोहित बाई, लग्न लावी. जिव्या सोमा मशे या पुरुषाने 1970 च्या दशकात ती कागदावर आणली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विधीतून बाजारात, बायकांच्या हातून पुरुषांच्या हाती, भिंतीवरून कागदावर, एवढे बदल होऊनही त्या चित्राला आपण ‘अस्सल आदिवासी’ म्हणतो. मग ठाण्यात नोकरी करणारी वारली मुलगी तेवढी नकली कशी?

‘नाच स्टेजवर गेला.’ कापणीच्या दिवसांत पाड्यावर रात्रभर घुमणारा तारपा (भोपळ्याचं वाद्य आणि त्यावरचा नाच) आणि सभागृहातला दहा मिनिटांचा तारपा एक नाही, हे खरंच. पण शहरातल्या मिरवणुकीत वारली, ठाकर, महादेव कोळी, भिल्ल एकत्र चालतात. गावाकडे त्यांचे नाच आणि सोयरीक वेगवेगळी. एकमेकांना ‘जोहार’ घालणारी ही नवी बिरादरी शहरात बांधली जाते आहे, तीही संस्कृतीच. आणि शहर परकं तरी कसं म्हणायचं? इंग्रजांविरुद्ध बंड करणारे महादेव कोळी राघोजी भांगरे यांना 1848 मध्ये फाशी दिली ती ठाण्याच्या तुरुंगात.

‘भाषा गेली.’ इथे मजकूर बराचसा बरोबर आहे आणि दुखतं तेही इथेच. घरात वारली किंवा भिली बोलणारं लेकरू पहिलीत बसतं तेव्हा पुस्तक प्रमाण मराठीत असतं आणि त्याच्या बोलीला वर्ग हसतो. दोन-चार वर्षांत ते घरीही ती बोलेनासं होतं. भट्टीवर आईबापांसोबत गेलेल्या मुलांची तर शाळाच सुटते. ही भाषा त्यांनी टाकलेली नाही, त्यांच्याकडून टाकवून घेतली आहे. मजकूर लिहिणाऱ्याने दोष मात्र मुलालाच दिला.

‘दाखला काढून घ्या.’ जातपडताळणीत देव कोणते, लग्नविधी कसे, मर्तिकाच्या चाली कोणत्या, असं विचारलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये आनंद काटोले यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं की स्थलांतराने आणि इतर समाजांच्या संपर्काने जमातींच्या चालीरीती बदलतात, म्हणून अशा प्रश्नांची ही ‘अ‍ॅफिनिटी टेस्ट’ (जमातीशी नातं तपासणं) अंतिम कसोटी धरता येत नाही. मार्च 2023 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानेही ती निर्णायक कसोटी नसल्याचं सांगितलं. स्वातंत्र्यापूर्वीच्या शाळेच्या आणि महसुलाच्या नोंदी जास्त वजनाच्या.

बोगस दाखल्यांचा प्रश्न महाराष्ट्रात खरा आहे, पण तो वेगळा. जमातीचे नसताना दाखले मिळवून नोकऱ्या घेतलेल्यांना संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2017 मध्ये सांगितलं. त्यावर राज्य सरकारने डिसेंबर 2019 मध्ये अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जादा, तात्पुरत्या) पदांवर वर्ग करायचा निर्णय घेतला. रिकाम्या झालेल्या जागांवर खरे आदिवासी उमेदवार किती भरले, ते सरकारला विचारा. जीन्स घातलेल्या आदिवासी पोराला नको.