‘कोरियन म्हणजे नुसती थापेबाजी’ : एक तारा देणाऱ्या ताईंना दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचला आणि सोबतचे दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. बाकीच्यांना कळावं म्हणून तक्रार थोडक्यात सांगते. डोंबिवलीच्या आमच्या दुकानातून तुम्ही फेसवॉश, नायसिनामाइड (डाग फिके करायला लावतात ते बी३ जीवनसत्त्व) सिरमच्या दोन बाटल्या आणि सनस्क्रीन असं २,९४० रुपयांचं कोरियन सामान नेलंत. महिनाभर लावूनही ‘ग्लास स्किन’, म्हणजे काचेसारखी नितळ चकाकती त्वचा, आली नाही, उलट चेहरा लाल होऊन पुरळ उठलं. त्याआधी पार्लरमधल्या क्रीमने आठच दिवसांत चेहरा उजळला होता. सिरमची तारीख उलटून गेलेली, आणि पैसे मागितले तर काउंटरवरच्या मुलीने नाही म्हटलं.

तारखेचं आधी उरकते. तुम्ही बाटलीच्या बुडाचा फोटो टाकलाय. तिथे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आहे आणि शेजारच्या कोरियन अक्षरांचा अर्थ ‘उत्पादन’ असा होतो. म्हणजे माल कधी बनला, ती ही तारीख. काही कोरियन कंपन्या नुसती हीच छापतात, काही नुसती शेवटची, त्यामुळे गोंधळ पुष्कळांचा होतो. खोक्याच्या बाजूला आयातदाराचं पांढरं स्टिकर आहे. त्यावर नाव, पत्ता, आयात नोंदणीचा क्रमांक आणि कधीपर्यंत वापरायचं ते इंग्रजीत दिलंय. तुमच्या बाटलीला अजून दीड वर्षाहून जास्त अवकाश आहे. असं स्टिकर नसलेला कोरियन माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, आमच्याकडूनसुद्धा.

आता त्या पार्लरच्या क्रीमकडे येते. खरं तर रिव्ह्यूमधलं हेच एक वाक्य वाचून मी लिहायला बसले. डबीवर कंपनीचं नाव नाही, घटकांची यादी नाही, आणि आठ दिवसांत चेहरा उजळतो. मी डॉक्टर नाही, पण या धंद्यात अशा डब्या बऱ्याच बघितल्यात. इतका झटपट परिणाम दिसला की दोन शंका येतात. पहिली स्टिरॉइडची, म्हणजे सूज-लाली दाबणाऱ्या औषधाची. स्टिरॉइड, रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन आणि त्वचेची साल काढणारं ट्रेटिनॉइन एकत्र असलेली मलमं आपल्याकडे गोरं करणारी क्रीम म्हणून सर्रास लावली जातात. खरं तर ती औषधं आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने बरीच स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, अशा यादीत टाकली. ती लावताय तोवर चेहरा छान दिसतो. बंद केली की लाली, जळजळ, पुरळ, आणि मग माणूस घाबरून पुन्हा तीच डबी उघडतो. दुसरी शंका क्रीममध्ये मिसळलेल्या पाऱ्याची. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीममुळे इजा झाल्याच्या बातम्या २०२३ च्या सुरुवातीला आल्या होत्या.

तुम्हीच लिहिलंय की ती क्रीम सोडली आणि दुसऱ्या दिवसापासून आमचं सामान सुरू केलं. चेहरा लाल झाला तो त्याच आठवड्यात. दोष सिरमचाच नाही असं इथे बसून मी छातीठोक सांगू शकत नाही, नायसिनामाइड काहींना झोंबतं. म्हणून सिरम आज बंद करा. साध्या फेसवॉशने तोंड धुवा, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, आणि ती डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. नुसती तक्रार सांगू नका, डबी दाखवा.

राहिला ‘काहीच फरक नाही’चा मुद्दा. नायसिनामाइड त्वचेतला रंग खरवडून काढत नाही. रंगद्रव्य वरच्या पेशींपर्यंत पोचतं, ते प्रमाण तेवढं कमी करतं. वरची त्वचा बदलायलाच तरुणपणी साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की जास्त. पुरळाचे डाग फिके होताना दिसायला आठ ते बारा आठवडे धरा. आणि तेही ऊन लागू दिलं नाही तर. तुमच्या दुसऱ्या फोटोत सनस्क्रीनची ट्यूब अजून टम्म फुगलेली दिसते. ५० मिलीची ट्यूब रोज चेहऱ्याला नि मानेला दोन बोटं भरून लावली तर महिन्याभरात अर्ध्याहून खाली यायला हवी. प्रयोगशाळेत एसपीएफ (उन्हापासून किती बचाव होतो तो आकडा) मोजतात ते दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या जाड थराने. वाटाण्याएवढं लावलं की ५० चे ५० मिळत नाहीत, आणि सकाळच्या लोकलमध्ये घामाने उरलेलंही निघून जातं.

मग कोरियन सामानात आहे तरी काय? माझ्या मते तीनच गोष्टी, आणि त्यात चमत्कार कुठलाच नाही. त्वचेला न ओरबाडणारे कमी पीएचचे फेसवॉश (पीएच म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप; साबणाचा ९-१० असतो, त्वचेचा पाचाच्या आसपास), पातळ थरांतून दिलेला ओलावा, आणि सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखी न दिसणारी, म्हणून रोज लावावीशी वाटणारी सनस्क्रीन. कोरियात सौंदर्यप्रसाधनांसाठी २००० पासून वेगळा कायदा आहे. डाग, सुरकुत्या, ऊन यांबद्दल दावा करायचा तर ते सरकारी नियमांत बसवावं लागतं. नायसिनामाइडसाठी तिथे २ ते ५ टक्के हे प्रमाण ठरलेलं आहे. तरी डोळे झाकून विश्वास मीही ठेवत नाही. २०२० च्या डिसेंबरात तिथल्याच एका गाजलेल्या सनस्क्रीनवर एसपीएफ ५० छापलेलं आणि चाचणीत जेमतेम १९ भरलेलं निघालं.

एकामागून एक दहा वस्तू लावायचा तो कोरियन ‘दहा पायऱ्यांचा’ संच आमच्या काउंटरवरच्या मुलीने दिला नाही, असंही तुम्ही नाराजीने लिहिलंय. तो ती कुणालाच देत नाही. सोलमध्ये जानेवारीत पारा शून्याखाली असतो, हवा कोरडी असते. तिथे थरावर थर चालतात. डोंबिवलीच्या मे महिन्यात तेच केलं तर चेहऱ्यावर रबडी होईल. आता कोरियातही पुष्कळ जण पायऱ्या कमी करायला लागलेत. आणि ‘ग्लास स्किन’ हा शब्द आमच्या बोर्डावर, बिलावर, कुठेही नाही. गोरं करून देण्याचा दावाही कुठे नाही.

पैशांचं. उघडलेली बाटली आणि ट्यूब आम्ही परत घेत नाही, तोंडाला लावायची वस्तू पुन्हा फळीवर ठेवता येत नाही. हे बिलाच्या मागे मराठीत छापलंय आणि मुलीने तेच सांगितलं. दुसऱ्या बाटलीचं सील मात्र फोटोत शाबूत दिसतंय. ती बिलासकट आणून द्या, तिचे पूर्ण पैसे रोख मिळतील. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी दिवशी दुपारी चारनंतर मी स्वतः काउंटरवर असते.

– दुकानाची मालकीण