नंबर नाही आला, खरं आहे

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझी पोरं मुंबईची 42 किलोमीटरची मॅरेथॉन धावली म्हणून मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता : नंबर नाही, मेडल तर पोचणाऱ्या सगळ्यांनाच देतात, वर फी भरून धावायचं, मग अभिमान कसला? शेतकरी रोजच मॅरेथॉन धावतो, त्याचं कौतुक कोण करतं?

फीचं पटलं. आकडा ऐकून मीही म्हणालो होतो, येवढ्यात पऱ्हाटीच्या बियाण्याच्या दोन-तीन थैल्या येतात. आणि ‘गावाचं नाव काढलं’ हे मी जरा चढूनच लिहिलं. गावाला त्या दिवशीही कापसाच्या भावाचीच पडली होती.

नंबराचं मात्र नाही पटत. पोरगी पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रोडवर 800 मीटर धावायची. तीनदा थोडक्यात राहिली. तिथं राहिलं की राहिलं, धावल्याला किंमत नाही. पुण्यात नोकरी लागली तरी तिचं धावणं सुटलं नाही, धाकट्यालाही ओढलं.

त्या रविवारी मी गव्हाला पाणी देत होतो. छातीवरच्या नंबरात चिप असते, रस्त्यात अंथरलेल्या चटईवरून गेलं की फोनवर वेळ दिसते. आमच्या वावरात रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर. तिची 30 किलोमीटरची वेळ आली, मग काहीच नाही. तिथून पुढं अंगातली साखर सरत येते, पाय उचलत नाहीत, त्यात परतीला पेडर रोडचा चढ. हे तिनंच सांगून ठेवलेलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. दांड फुटून पाणी धुऱ्यापलीकडं गेलं, मी कठड्यावरच. बायको ओरडली, “काऊन बसले असे? पाणी पाहा ना!”

5 तास 20 मिनिटांत पोचली. धाकटा पाऊण तासानं. ती त्याच्यासाठी थांबली नाही, हे मला फार आवडलं.

आता शेतकऱ्याचं. 30 वर्षं मी तण काढायच्या डवऱ्यामागं, बैलांमागं चाललो, कौतुक झालं नाही, कबूल. पण मी कधी डवरं सोडून धुऱ्यावर बसलो असतो तर घरी खायला काय होतं? या दोघांना कुठंही फुटपाथवर बसता आलं असतं. कोणी विचारलं नसतं. नाही बसले, येवढंच मिरवत होतो.

मेडल तुरीच्या पोत्यांवरच्या खुंटीला टांगलंय. इकडं आलात तर दाखवतो. पोरीच्या अंगठ्याचं काळंनिळं नखही दाखवलं असतं, पण तोवर ते गळालेलं असेल.