सुईवर नाणं ठेवा म्हणे!

डोकं फिरलंय नुसतं. रेकॉर्ड प्लेअरच्या एका सुईपायी गेले तीन आठवडे माझा जीव मेटाकुटीला आलाय.

बाबांच्या एलपी माळ्यावरून खाली काढल्या आणि त्या ऐकायला सुटकेससारखा दिसणारा एक स्वस्तातला रेकॉर्ड प्लेअर घेतला. सहा महिने बरे गेले. मग भीमसेनजींच्या अभंगांची एलपी लावली, तर ‘संत’चा ‘श्शंत’ व्हायला लागला. बाजू संपत आली, सुई लेबलजवळ पोचली की आवाज चक्क फाटायचा. सुई झिजली होती. या स्वस्त सुयांना बहुतेक वेळा सिंथेटिक नीलमण्याचं टोक असतं, ते हिऱ्याच्या मानाने फार लवकर झिजतं. हे विकताना एका शब्दाने सांगितलं का कुणी? नाही!

बरं, नवी घ्यावी तर कुठली? माहितीपत्रकात एकच ओळ: ‘सुई झिजल्यास बदलावी.’ कार्ट्रिजचा, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या डबीचा, नंबर खोक्यावर नाही, यंत्रावर नाही, कुठेच नाही. ‘सर्व प्लेअरना चालते’ असं लिहिलेली एक ऑनलाइन मागवली. पाकीट फोडलं तर आतल्या चिठोऱ्यावर ‘७८’. म्हणजे जुन्या लाखेच्या तबकड्यांची! तिचं टोक सुमारे ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एलपीला लागतं ०.७ मिल. चौपट जाड टोक एलपीच्या बारीक खाचेत बसेल कसं? परत करायला गेले तर म्हणे, ‘पाकीट उघडलंय, मॅडम.’ अहो, चिठोरं पाकिटाच्या आत ठेवता आणि पाकीट उघडलं म्हणून मलाच ऐकवता?

शेवटी जुन्या सुईचा फोटो दुकानोदुकानी दाखवून बरोबर सुई मिळवली. बदलायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. प्लेअर बंद केला, आर्म (सुईचा दांडा) धरला, सुईच्या लाल प्लास्टिकची पुढची कड अलगद खाली ओढली, नवीचा मागचा भाग खाचेत अडकवला, पुढून वर दाबलं. टच्! बसली.

आणि मग सुई उड्या मारायला लागली.

कस्टमर केअरचा मुलगा म्हणाला, ‘आर्मवर एक रुपयाचं नाणं ठेवा, मॅडम.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुईचा दाब मोजायचा छोटा काटा मी आधीच आणला होता. नुसता आर्म ५.६ ग्रॅम दाखवत होता. चांगली मॅग्नेटिक कार्ट्रिज दोनेक ग्रॅमवर चालते! माझ्याकडचं रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं. म्हणजे नऊ ग्रॅमच्या वर वजन त्या सुईच्या टोकावर, आणि खाली माझ्या बाबांची रेकॉर्ड. आर्मच्या मागे तोल साधणारं वजन, म्हणजे काउंटरवेट नाही, त्यामुळे दाब कमी करायची सोयच नाही. वाढवायचा सल्ला मात्र तयार!

शेवटी कळलं की टीपॉय एका बाजूला कलला होता. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, मोबाइलवर लेव्हल बघितली, उड्या थांबल्या. ‘सपाट जागी ठेवा, लेव्हल तपासा’ एवढं छापायला काय जात होतं यांचं?

नवी सुई लावूनही त्या एलपीतला ‘श्शंत’ तसाच आहे. खरवडलेली खाच भरून येत नाही. कव्हरवर बाबांच्या अक्षरात तारीख आहे, पहिल्या पगारातून घेतल्याची. दाब कमीजास्त करता येणारा प्लेअर घेईपर्यंत ती कव्हरातून बाहेर काढणार नाहीये मी.