फोटो मोठा करून बघा

आज खरंच डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

दुपारी आपल्या लेगोवाल्यांच्या ग्रुपवर आपल्यातल्याच एका मुलाने स्वतः बांधलेल्या लेगोच्या घड्याळाचे फोटो टाकले. टेबलावर ठेवायचं घड्याळ, वीतभर उंच, पांढरी तबकडी, काळे काटे, खाली तपकिरी बैठक. तीन फोटो समोरून, चौथा मागून. त्याखाली काय आलं? "मस्त." "भारी." "एक नंबर." अंगठे, बदाम. मग "किती पीस लागले?" मग "हा सेट कुठे मिळेल?" आणि एकाने तर सल्लाही दिला, तबकडी जरा साधी वाटतेय, आकडे हवे होते.

चौथा फोटो कुणीही उघडला नव्हता. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण तो उघडला असता तर गप्प बसणं शक्यच नव्हतं.

मागे दातेरी चाकांची अख्खी माळ आहे. मिनिटकाटा हाताने एक फेरा फिरवला की तासकाटा बरोबर एक तास पुढे सरकतो. ८ दात्यांचं चाक २४ दात्यांच्या चाकाला फिरवतं, म्हणजे वेग तिसरा हिस्सा झाला. मग ८ ला १६, निम्मा. परत ८ ला १६, परत निम्मा. तीन दुणे सहा, सहा दुणे बारा. पण अशा तीन जोड्या लागल्या की शेवटचं चाक उलटं फिरतं आणि तासकाटा मागे मागे जायला लागतो. म्हणून त्याने मध्ये एक जास्तीचं चाक घातलंय. ते वेगाला हात लावत नाही, फक्त दिशा सरळ करतं. त्यात ८ आणि १६ च्या जोडीत अंतर येतं दीड स्टडचं (स्टड म्हणजे ब्रिकवरचा गोल उंचवटा, त्यावरच आपण सगळं मोजतो). भोकं सगळी एकेका स्टडवर असताना मधलं अर्धं अंतर कुठून काढायचं, यावर ज्यांनी रात्री घालवल्यात त्यांना कळेल मी काय म्हणतेय. हे सगळं त्याने वीतभर उंचीच्या खोक्यात बसवलंय, आणि दोन्ही काटे एकाच मध्यावर फिरतात.

आणि आपण त्याला विचारतो, सेट कुठे मिळेल.

कंपनीच्या तयार सेटशिवाय, स्वतःच्या डोक्यातून बांधलेल्या कामाला, ज्याला आपण मॉक म्हणतो, "हा सेट कुठला" असं विचारणं हा अपमान आहे. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, मान्य. नव्या माणसाला फरक माहीत नसतो, तेही मान्य. पण आपल्यातल्या जुन्या लोकांनी विचारावं?

मला इथे एक जुनी गोष्ट सांगायचीच आहे. नोकरीला लागल्यावर मी पुन्हा ब्रिक्स हातात घेतले, तेव्हा एक कोपऱ्यावरची इमारत बांधली होती. दोन रस्त्यांच्या बेचक्यात असते तशी, समोरची भिंत तिरकी. सगळ्या छंदिष्टांनी आपापलं काम मांडायचं होतं, तिथे मी ती एका टोकाला ठेवली. लोक येत होते, "छान आहे हं" म्हणत होते, पुढे जात होते. मग एक वयस्कर काका आले. त्यांनी आधी चष्मा वर केला. मग खाली बसले, अगदी उकिडवे, गुडघ्याला हात लावून. एक डोळा मिटला आणि मिनिफिगच्या, म्हणजे लेगोच्या छोट्या माणसाच्या, उंचीवरून रस्त्याकडे बघितलं. हात कुठेही लावला नाही. बोट भिंतीपासून इंचभर लांब धरून स्टड मोजले आणि म्हणाले, "तीन, चार, पाच?"

मी म्हटलं, हो.

एक बाजू तीन, दुसरी चार, म्हणजे तिरकी बरोबर पाच. काटकोन त्रिकोणाचं शाळेतलं गणित. तेवढ्यासाठीच ती तिरकी भिंत दोन्ही टोकांना स्टडवर येऊन बसत होती, कुठे ताण नाही, फट नाही. ते गणित मी कुणालाही सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. काकांनी ते बघून ओळखलं.

मला त्या दिवशी जे वाटलं ते आज त्या मुलाला वाटायला हवं होतं. तो हक्क होता त्याचा.

"किती पीस" या प्रश्नाचाही मला वीट आलाय. पीस मोजून काय कळतं? दोन बाय चारच्या फक्त सहा ब्रिक्स एकमेकांत ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी जोडता येतात. फक्त सहा, तेही एकाच रंगाच्या! एवढ्या शक्यतांमधून एका माणसाने एक निवडली, ती का निवडली हे विचारा ना. मोठ्या कामाला कष्ट असतात, पैसा लागतो, हजारो पीस रंगाप्रमाणे लावत बसावं लागतं, हे मी नाकारत नाही. पण तळहातावर मावणारा पक्षी, ज्याची मान एका क्लिपवर बरोबर त्या कोनात झुकलेली आहे, तो कुणी बघतच नाही, कारण त्याचा आकडा सांगण्यासारखा नसतो.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार. २०२१ मध्ये कंपनीचा बोन्साय झाडाचा सेट आला. त्यात गुलाबी फुलांच्या जागी गुलाबी बेडूक वापरले होते. आठवतंय ना? आपण सगळे किती दिवस तेच बोलत होतो. बेडकाचं फूल केलं, काय डोकं आहे! डोकं आहेच, प्रश्न नाही. पण अशी डोकी आपल्यात किती आहेत! लेगोचे इवलेसे क्रोसाँ पाव आडवे लावून जुन्या इमारतीची नक्षीदार कॉर्निस करणारे आहेत. मिनिफिगचे सुटे हात कड्या म्हणून वापरणारे आहेत. तेव्हा कुणाचंच लक्ष जात नाही, कारण खोक्यावर लिहून आलेलं नसतं की इथे बघा. कंपनीने दाखवलं की आपल्याला दिसतं, आणि शेजारच्या माणसाने केलं की "मस्त" म्हणून बोट पुढे सरकतं. याचा मला राग येतो, खरंच येतो.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे फोटो उचलणं. कुणीतरी महिनोन्महिने खपून काहीतरी बांधतं, आणि आठवड्याभरात तोच फोटो कडा कापून, नाव उडवून चार ठिकाणी फिरत असतो. बांधणाऱ्याचं नाव कुठेही नाही. कौतुक मात्र भरपूर, आणि ते खाणारा तिसराच. "नेटवर मिळाला" हे उत्तर नाही. नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. नाहीच सापडलं तर "बांधणारा माहीत नाही, कुणाला माहीत असेल तर सांगा" एवढं लिहायला काय होतं? कुणाचं तंत्र वापरलं तरी तसंच. मी आजही तिरकी भिंत केली की कशावरून सुचलं ते लिहिते.

कारण हा छंद वाटण्यावरच उभा आहे. जेम्स जेसिमन नावाचा एक ऑस्ट्रेलियन तरुण होता. त्याने १९९५ मध्ये एलड्रॉ लिहिलं, कॉम्प्युटरवर ब्रिक्स जोडून बघायचं सॉफ्टवेअर, आणि सगळ्यांना फुकट दिलं. १९९७ मध्ये तो गेला, अगदी तरुण वयात. पण जगभरच्या लोकांनी एकेक पार्ट रेखाटून त्याच्या संग्रहात भर घालणं थांबवलं नाही. आज आपण स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये घर बांधतो, त्याच्या पोटातही तीच एलड्रॉची पार्ट्स लायब्ररी आहे. पैसे कुणी दिले नव्हते त्या लोकांना. त्यांना मिळत होतं ते एवढंच, की दुसरा कुणीतरी तो पार्ट उघडून बघायचा आणि म्हणायचा, इथली कड एवढीशी चुकलीय, बाकी बरोबर आहे.

हो, चूक दाखवणं हेही कौतुकच आहे. ते तिरक्या भिंतीवाले काका उठताना काय म्हणाले, ते सांगायचं राहिलं. म्हणाले, "भिंत तुझी आहे. छप्पर मात्र दुसऱ्या कुणीतरी केल्यासारखं वाटतंय." मला क्षणभर लागलं. पण त्यांनी ते भिंत बघून झाल्यावर सांगितलं, स्टड मोजल्यावर सांगितलं. म्हणून ते मी घरी घेऊन गेले आणि छप्पर पूर्ण उतरवलं. तबकडीवर आकडे हवेत म्हणणाऱ्याने मागची चाकं बघून तेच म्हटलं असतं, तर मी एक शब्दही काढला नसता.

कुणीतरी म्हणेल की ताई, प्रत्येक फोटोवर निबंध लिहायला वेळ कुणाला आहे. बरोबर आहे. मलाही नसतो. एका शब्दाचं कौतुक शून्यापेक्षा बरं, हेही खरं, चला. पण दहा फोटोंवर "मस्त" टाकण्यापेक्षा एकाच फोटोवर थांबा ना. नऊ सोडून द्या. सगळ्यांना खूश ठेवायचा ठेका कुणी दिलाय?

आणि काय बघायचं ते कळत नाही असं म्हणू नका. कड बघा. स्टड वर नाहीत, बाजूला वळवलेत, ते कुठून वळवले ते शोधा. एक प्लेट, म्हणजे चपटी ब्रिक, ३.२ मिलिमीटर जाड असते आणि दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर. म्हणून पाच प्लेटची थप्पी आडवी केली की बरोबर दोन स्टडची रुंदी भरते. कुणाच्या भिंतीत आडव्या पट्ट्या फट न ठेवता बसलेल्या दिसल्या तर त्याने हे पाच-दोन मोजलेलं आहे. "पाच-दोन बघितलं, सुरेख बसलंय" एवढं लिहा. संपलं. दहा सेकंदांचं काम. बांधणारा रात्रभर त्याच आनंदात असतो.

नवशिक्यांशी मात्र जपून, हे मला पटतं. लहान मुलाने सहा रंगांचं घर आणलं तर तिथे रंगसंगतीचा तास घेऊ नका. त्याला विचारा दार कुठे आहे, आत कोण राहतं. तो सांगत सुटेल. तेही बघणंच आहे.

लेगो आयडियाज या कंपनीच्या योजनेत आपल्या कल्पनेचा सेट व्हायचा तर आधी १०,००० जणांचा पाठिंबा लागतो, मग कंपनी तपासते. निवडलं गेलं तर बांधणाऱ्याला नक्त विक्रीच्या १ टक्का मिळतो, पुस्तिकेत त्याची माहिती येते. चांगली व्यवस्था आहे. २००८ मध्ये जपानमध्ये सुरू झाली, तेव्हापासून किती सुंदर गोष्टी त्यातून आल्या. पण तिची एक सवय आपल्याला लागलीय, असं मला वाटतं. आकडा किती झाला यावरून काम चांगलं की वाईट ते ठरवायचं. दहा हजार हवेत असं बांधणाऱ्यालाही वाटायला लागतं, आणि तो मग लोकांना पटकन ओळखू येईल असंच काहीतरी बांधतो. दीड स्टडचं अंतर कोण सोडवत बसेल मग?

संध्याकाळी मी त्या मुलाला वेगळा निरोप पाठवला. फक्त विचारलं, ते दिशा फिरवणारं चाक तिसऱ्या जोडीच्या आधी घातलंस की नंतर? पाच मिनिटांत उत्तर आलं, एवढं मोठं की फोनवर दोनदा सरकवावं लागलं. आधी कुठे घातलं होतं, तिथे बैठकीला अडलं, मग माळच कशी वळवली, तासकाट्याचा ॲक्सल कसा मोकळा ठेवला, सगळं. सोबत अर्धवट सोडलेल्या आवृत्त्यांचे फोटो. दिवसभर "धन्यवाद", "धन्यवाद" एवढंच लिहीत होता हा मुलगा. शेवटी विचारलं, "ताई, दात्यांमधल्या ढिलेपणामुळे तासकाटा थोडा डगमगतो, काही सुचतंय का?" मला सुचलं ते सांगितलं. तुमच्यापैकी टेक्निकवाल्यांना, म्हणजे चाकं-ॲक्सलवाले लेगो बांधणाऱ्यांना, माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्याला जाऊन सांगा. पण आधी चौथा फोटो उघडा.

राग जरा उतरला लिहिता लिहिता. आता एक मागणं. तुमच्यातल्या निम्म्या लोकांकडे काहीतरी बांधून पडलेलं आहे, मला माहीत आहे. कुणी बघणार नाही म्हणून कपाटावर ठेवलंय. बोट असेल, पूल असेल, एखादी नुसती खिडकी असेल. टाका फोटो. आतून कसं उभं राहिलंय ते दिसू दे, अडलेली जागाही दिसू दे. मी या रविवारी बसून एकेक बघणार आहे आणि जे दिसेल ते लिहिणार आहे. छप्पर गंडलेलं असेल तर तेही.