जीपीएसची केबल, उड्या मारणारा माऊस आणि न आलेले पॉईंट: १ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

रविवारी टाकलेला तुमचा रिव्ह्यू वाचला. आधी घेतलेली ४५० रुपयांची केबल लॅपटॉपने ओळखलीच नाही. नंतरची १,८०० ची लावली तर माऊस स्क्रीनभर उड्या मारायला लागला, म्हणजे केबलमधून व्हायरस आला, असं तुमचं म्हणणं. आणि एवढं करून जीपीएसमधले पॉईंट, म्हणजे साठवून ठेवलेल्या समुद्रातल्या जागा, लॅपटॉपवर आलेच नाहीत. शेवटी तुम्ही 'फसवणूक' लिहिलंय. तो शब्द मनाला लागला, म्हणून मंगळवारी मी स्वतः रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर तुमच्या बोटीवर जाऊन आलो. बोट चालवणारे तांडेलमामा होते. काय दिसलं ते सांगतो.

पहिल्या केबलबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. जीपीएसचा सीरियल सिग्नल यूएसबीत बदलणारी एक चिप केबलच्या टोकात असते. त्या लॉटमध्ये ती नकली निघाली. दुकानातल्या विंडोज ७ च्या जुन्या लॅपटॉपवर चालली म्हणून मी ती चांगली समजून दिली, पण नव्या विंडोजचा ड्रायव्हर नक्कल ओळखतो आणि पिवळं चिन्ह दाखवून थांबतो. सगळा लॉट काउंटरवरून काढलाय. दुसरी केबल देताना ते ४५० वळते करून घ्यायला हवे होते, तेही माझ्याकडून राहिलं.

माऊसचं कारण मात्र वेगळं आहे. केबिनमध्ये जीपीएसचा सेट चालू होता, केबल लावलेली होती, आणि लॅपटॉप त्यानंतर सुरू केला. जीपीएस दर सेकंदाला ओळी पाठवत असतो. विंडोज सुरू होत असताना पोर्टवर अशी सतत बडबड दिसली की ते त्याला जुन्या काळचा सीरियल माऊस समजून बसतं. मग जीपीएसची प्रत्येक ओळ त्याला माऊसची हालचाल वाटते. माझ्यासमोर माऊसचा बाण कोपऱ्यात पळाला आणि दोन फोल्डर आपोआप उघडले. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट' असं नाव होतं. ते डिसेबल केलं आणि बाण जागेवर थांबला. अनइन्स्टॉल करू नका, पुढच्या वेळी ते परत येतं. यापुढे आधी लॅपटॉप सुरू होऊ द्या, मग केबल लावा, आणि रोज त्याच यूएसबी खाचेत लावा. खाच बदलली की विंडोज केबलला देतो तो कॉम पोर्टचा नंबरही बदलू शकतो आणि नकाशावर बोट दिसेनाशी होते.

मग ओपनसीपीएन या समुद्री नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट निवडून माहिती येण्याचा वेग (बॉड रेट) ४८०० ठेवला. १६ अंश ५९ मिनिटं उत्तर, ७३ अंश १६ मिनिटं पूर्व. मामांनी सेटवरचे आकडे मोठ्याने वाचले, मी लॅपटॉपवरचे. जुळले. केबल चांगली आहे, व्हायरस नाही.

आता पॉईंट. इथे चूक माझी, आणि पहिल्यापेक्षा मोठी. या केबलमधून येते ती चालू माहिती: बोट कुठे आहे, वेग किती, दिशा कोणती, वेळ काय. सेटमध्ये साठवलेले पॉईंट तिच्यातून उतरत नाहीत. ते मेमरी कार्डवर फाइल करून काढावे लागतात. मामांनी त्यांची वही दाखवली. डिझेलचे डाग पडलेली, ओल लागून फुगलेली. कुठल्या खडकावर जाळं फाटतं, कुठे बुडालेल्या बोटीचा सांगाडा आहे, सगळं बारीक अक्षरात. अलीकडचे पॉईंट तर वहीतही नाहीत, फक्त सेटमध्ये आहेत, आणि सेटचा डिस्प्ले मध्येच काळा पडतो. तो गेला तर बावीस वर्षांची मेहनत गेली, म्हणून तुमची ही धडपड चालली होती. हे मी काउंटरवर एका प्रश्नात विचारू शकलो असतो. तुम्ही केबल मागितलीत, मी केबल दिली.

मंगळवारीच कार्डवर काढून द्यायचा प्रयत्न केला, पण माझ्याजवळचं ६४ जीबीचं कार्ड सेटने घेतलं नाही. असल्या जुन्या सेटना ३२ जीबीपर्यंतचं, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेलं कार्ड लागतं. ८ जीबीचं तयार करून ठेवलंय.

आणखी एक, हे जरूर पाळा. केबल जोडलेली असताना लॅपटॉपचा चार्जर बोटीच्या इन्व्हर्टरला लावू नका, लॅपटॉप त्याच्या बॅटरीवरच चालवा. या केबलमध्ये आयसोलेशन, म्हणजे लॅपटॉप आणि सेटची वीज एकमेकांपासून तोडून ठेवायची सोय, नाही. अर्थिंगमध्ये फरक पडला तर नको तो करंट केबलमधून वाहतो आणि सेटचा पोर्ट जळू शकतो. आयसोलेशनवाला अडॅप्टर महाग पडतो, पण रोज जोडणार असाल तर तोच घ्या. ही केबल परत घेऊन तिचे पूर्ण पैसे त्यात धरीन. काहीच नको असेल तर १,८०० आणि ४५० दोन्ही परत.

शुक्रवारी बोट धक्क्याला लागली की मामांना फोन करायला सांगा, मी कार्ड घेऊन येतो. तोपर्यंत वहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.