कूळकायदा, इच्छाशक्ती आणि तहसीलदाराची तारीख : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. आपली प्रतिक्रिया तळमळीने लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून ती बाजूला ठेवणे मला योग्य वाटले नाही. कोकणातील जमीनसुधारणा का रेंगाळल्या, या माझ्या लेखावर आपला आक्षेप असा, की मी सरकारांच्या नाकर्तेपणावर परिस्थितीचे पांघरूण घातले. मतांची पर्वा न करणारा खमका नेता लाभला असता तर कुळांचा, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्यांचा, प्रश्न कधीच निकालात निघाला असता, आणि आता सातबारा ऑनलाइन झाल्यावर तर सबब उरलेलीच नाही, असे आपण म्हणता.

इच्छाशक्ती लागतेच. पण तिच्या एकटीच्या बळावर किती साधते, हे आपल्याच किनाऱ्यावर दिसून आलेले आहे. 1933 साली अलिबाग तालुक्यातील चरी येथून सुरू झालेल्या संपात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांतील कुळांनी सुमारे सहा वर्षे खोतांची, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांची, शेते कसली नाहीत. स्वतःच्या चुली विझण्याची वेळ आली तरी ते मागे हटले नाहीत. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले आणि पुढच्याच जानेवारीत कोकणातील हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने गेले. याहून मोठा निर्धार कोठून आणायचा? तरीही ते विधेयक मंजूर झाले नाही आणि खोती रद्द करणारा कायदा होण्यास 1949 साल उजाडले.

या विलंबाला खोतांचे राजकीय वजन कारण होते, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. पण खोत हा निव्वळ जमीनदार नव्हता, हेही ध्यानात घ्यावे लागेल. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा तोच, आणि पावसाळ्याच्या तोंडी बियाण्याचे भात किंवा अडीनडीला पैसा देणाराही पुष्कळ ठिकाणी तोच. त्याला हटवायचे तर त्याच्या जागी पगारी तलाठी हवा, नोंदी नव्याने हव्यात, नुकसानभरपाईची तरतूद हवी आणि कुळाला कर्ज देणारी दुसरी सोय हवी. शिवाय सगळे खोत गडगंज नव्हते. वाटण्या होत होत दोन-चार आण्यांच्या हिश्श्यावर आलेली कुटुंबेही त्यांत होती आणि त्यांचा विरोध पोटाच्या काळजीतून आलेला होता.

खरी अडचण मात्र कायदा झाल्यानंतरची आहे आणि आपल्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेखही नाही. 1 एप्रिल 1957 हा कूळकायद्यातला कृषकदिन. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे मालक मानले गेले. पण ही मालकी पक्की होण्यासाठी कलम 32 ग प्रमाणे शेतजमीन न्यायाधिकरणापुढे, म्हणजे बहुधा तहसीलदारापुढे, चौकशी होऊन किंमत ठरायला हवी, ती भरायला हवी आणि 32 म चे प्रमाणपत्र मिळायला हवे. नोटीस निघूनही कूळ हजर राहिले नाही, तर खरेदी निष्फळ ठरवण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला होता. आता त्या काळचे कोकण डोळ्यांपुढे आणा. घरातला कर्ता पुरुष गिरणगावात पाळीवर, शेत कसणारी त्याची बायको आणि म्हातारे आईवडील, पोटाला मनीऑर्डर. पुकारा झाला तेव्हा हजर राहायचे कोणी, आणि राहिले तरी बोलायचे काय?

त्यात आणखी एक तरतूद होती, आणि ती दयाबुद्धीने केलेली होती. जमीनमालक विधवा, अज्ञान (अल्पवयीन) किंवा अपंग असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जाई. पुढे ते कारण संपले की ठरावीक मुदतीत कुळाने स्वतः मालकाला आणि न्यायाधिकरणाला तसे कळवायचे. वाड्यावरच्या बाई कधी वारल्या, पुण्याला शिकणारा मुलगा कधी सज्ञान झाला, हे कुळाला कळणार कसे? मुदती टळल्या आणि त्या टळलेल्या मुदतींवर आजही खटले उभे आहेत. दुबळ्या मालकाला जपणारी तरतूद त्याहून दुबळ्या कुळाला नडली. ती वगळली असती तर विधवांच्या तोंडचा घास काढला म्हणून ओरड झाली असती, आणि ती ओरड खोटी नसती. अशा ठिकाणी खमक्या नेत्याने नेमके काय करायला हवे होते, हे मला आपल्याकडून ऐकायला आवडेल.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका तहसील कार्यालयात 32 ग च्या तारखेला आलेल्या एक आजी मला आठवतात. प्लास्टिकच्या पिशवीत खंडाच्या दोन पावत्या आणि एक सातबारा. इतर हक्काच्या रकान्यात कूळ म्हणून सासऱ्यांचे नाव, मालकाच्या रकान्यात मात्र हयात नसलेल्यांची रांग. त्या दिवशी साहेब बैठकीला गेले होते. लिपिकाने पुढची तारीख दिली आणि सगळ्या वारसांचे पत्ते आणायला सांगितले. लिपिक उद्धट नव्हता. त्याच्याकडे दुसऱ्या टेबलाचेही काम होते.

ऑनलाइन सातबाऱ्याविषयी. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळतो, हे मोठे काम झाले आहे आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु कागदावर मृत मालकाचे नाव असेल तर पडद्यावरही तेच येते. वारसनोंद झालेली नाही, कूळ असूनही 32 ग झालेले नाही, ही दुखणी माणसाने माणसाला समोर बसवून ऐकल्यावाचून दूर होत नाहीत. दरम्यान रेल्वे आली, महामार्गाचे चौपदरीकरण निघाले, जमिनीला भाव चढला. ज्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीकडे मालक ढुंकून पाहत नव्हता, तिच्या मोबदल्यासाठी आता मालकाचे आणि कुळाचे वारस एकमेकांविरुद्ध उभे आहेत. सुधारणा जितकी लांबते तितकी ती महाग होते, आणि तिला अडवण्यात ज्यांचा फायदा आहे ते अधिक संघटित होतात. कुळे मात्र मुंबई, विरार, डोंबिवलीत विखुरलेली असतात.

म्हणून माझी मागणी इच्छाशक्तीपेक्षा अधिक नेमकी आहे. या सुनावण्या मे महिन्यात आणि गणपतीनंतरच्या दिवसांत, चाकरमानी गावात असताना, महसूल मंडळाच्या ठिकाणी घ्याव्यात. वारस शोधण्याची जबाबदारी कुळावर न टाकता तलाठी आणि भूमी अभिलेख विभागाने मिळून उचलावी. त्यासाठी तालुक्याला रिकामी पदे भरून मिळाली पाहिजेत आणि केवळ याच कामासाठी एक अधिकारी नेमला पाहिजे. हा खर्च अर्थसंकल्पात दिसतो, आणि त्याचे श्रेय फलकावर झळकत नाही. म्हणूनच तो होत नाही. आपल्या आमदारांना जाब विचारायचा असेल तर या खर्चाचा विचारा. त्या पत्रावर आपल्याबरोबर मीही सही करीन.